तांदळातलं नाव

आरं, परवाच्या घरांच्या सोडतीत आमच्या मामीनं हॉल गाजवला की! स्वस्तातली घरं, आन् सरकारचा नवा नियम असा की घर बाईच्या नावावरच. अर्ज मामीनं माझ्याकडनं भरून घेतल्याला. तीस वर्सं भाड्याच्या खोलीत काढल्याली, मामा देव पाण्यात घालून बसल्यालं.

सायबानं पुकारलं, "हौसाबाई पाटील!"

हॉलात निम्मी पाटीलच, पण कोण उठंना. मामा हळहळलं, "काय नशीबवान बाई! झोपली का काय?"

मामी ताडकन उठली. "अवो, मीच की ती!"

"तू सुलोचना न्हवं?"

"ते तुमी लग्नात तांदळात लिवलंसा. आधार कार्डावर माझ्या बापानं ठेवल्यालंच हाय!"

मामांनी जाग्यावर उडी मारली. "आगं मग पळ की! दारावरची पाटी मी आजच रंगवायला टाकतो. वर माझं नाव, खाली सुलोचना."

स्टेजकडं निघाल्याली मामी माघारी वळली. "घर हौसाबाईचं हाय. ऱ्हायाला येणार आसशीला तर सांगा. येताना मूठभर तांदूळ आणते, तुमचंबी नाव बदलून घिऊ."