एका डीपीवरच्या सात मोटरी

पंचफुलाबाई : म्हंजे माही मोटर सगळ्याईच्या शेवटी सुरू होईन? डीपी कोनाच्या वावराच्या धुऱ्यावर उभी हाये, मालूम हाये ना वं तुले?

निकिता : तुझ्याच धुऱ्यावर, आजी. म्हणूनच शेवटी.

पंचफुलाबाई : चार वर्सं इंजिनेरी शिकून नातीनं हे आनलं घरी!

निकिता : ऐक तर. लाइन आली की साती मोटरी ऑटो-स्टार्टरनं आपोआप एकदमच उठतात, अन् फ्यूज उडतो. अजून असंच चाललं तर डीपीचा ट्रान्सफॉर्मरच जळंल. हरभऱ्याले घाटे धरून राह्यले, पाणी कुठून देशीन?

पंचफुलाबाई : मंग साती जनाईचं बटन माह्या घरी बसव. मी सांगीन कोनं कवा चालवाची ते.

निकिता : अन् तू महागावले लग्नाला गेलीस तर? सगळे तुझी वाट पाहत बसतील.

पंचफुलाबाई : बसू दे. सवय हाये त्याईले.

निकिता : म्हणून या डब्यात मालकच नाही ठेवला. हरेकाच्या स्टार्टरवर एक डबा. तो फक्त आपल्या तारेचा व्होल्टेज पाहतो. व्होल्टेजचा काटा पडला म्हणजे कोणाची तरी मोटर उठून राह्यली. काटा सावरला, की पुढच्याची पाळी. आपला नंबर डबाच मोजतो.

पंचफुलाबाई : न इचारता, न बोलता?

निकिता : न बोलता.

पंचफुलाबाई : बरं हाये. मंग डीपीपासून सुरू करा. पयली माही.

निकिता : मीही आधी तसंच लावून पाह्यलं. टोकावरची उठलीच नाही. बाकीच्या चालू असल्या की तिथं लाइन पुरत नाही, मोटर नुसती घुमते. तुझी कधीही उठते.

पंचफुलाबाई : टोकावर तं त्या सुखीचं वावर हाये.

निकिता : हो. तुझी जाऊ.

पंचफुलाबाई : वाटन्या झाल्यापासून तोंड फिरवून जाते, अन् म्हने जाऊ! तिनंच शिकवलं ना तुले हे?

निकिता : तिले यातलं काहीच माहीत नाही. तिची मोटर घुमते, अन् तिले वाटते तू लाइन ओढून घेते. मुद्दाम.

पंचफुलाबाई : मी? असं म्हनते ते?

निकिता : गावभर.

पंचफुलाबाई : जीभ पाहा बाईची! ... अन् खरंच घुमते का वं तिची?

निकिता : दोन वर्सं झाली.

(पंचफुलाबाईच्या स्टार्टरवरचा लाल दिवा लागतो.)

निकिता : आली लाइन! काटा पाह्य, पडला. टोकावरची उठून राह्यली.

पंचफुलाबाई : घुमत तं नाही ना?

निकिता : थांब... सावरला. घेतलं तिनं पाणी. आता तिच्या अलीकडच्या देवसिंगकाकाची... आजी, बटनावरचा हात काढ! आता दाबलं तर सगळ्या बंद पडतील.

पंचफुलाबाई : दाबत नाही वं. नुसता ठेवला हाये.