मॅडमना विचारून सांगतो

थंड हवेच्या डोंगरावरून खाली येणाऱ्या बसमध्ये माझ्या मागे एक वयस्कर नवरा-बायको बसले होते.

“तीस वर्षं साहेबांची गाडी घेऊन इथं येत होतात, आणि तळं काल पहिल्यांदा बघितलंत?”

“गाडी सोडून कुठं जाणार? साहेब कधी येतील, नेम नसायचा.”

“आणि ते गोऱ्यांच्या वेळचे बंगले?”

“फाटकापर्यंत सगळे पाठ आहेत. आत गेलो ते काल. तू हट्ट धरलास म्हणून.”

“आणि सकाळी वेटरनं चहाचं विचारलं, तर म्हणालात, ‘मॅडमना विचारून सांगतो.’”

“सवयीनं तोंडातून निघून गेलं.”

“तो माझ्याकडे बघून हसला की.”

“हसू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनासारखी मॅडम घेऊन वर आलो.”