पुलाच्या अलीकडे

...अहो, नुसता खोका कोण घेतो? तुम्हाला सांगतो, टीव्ही-मिक्सरच्या दुकानात, गेम कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या खोक्यांच्या काउंटरवर दिवसभर उभा असतो मी, पायांचे तुकडे पडतात, आणि हा काळा खोका नवा आला ना, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं त्याला! गिऱ्हाईक यायचं, टिचकी मारायचं, "ह्यात काय आहे?" विचारायचं आणि मिक्सर घेऊन जायचं. मालक माझ्यावरच खेकसायचे, "अरे, तुझं तोंड बघून पळतात माणसं!" आता तोंडाचा काय संबंध? मग कंपनीनं काय केलं, त्याच खोक्याबरोबर एक नवा गेम टाकला, जास्तीचा कंट्रोलर टाकला, वर चकचकीत कागद... झाला कॉम्बो! तोच खोका हो, मीच धूळ पुसलेली त्याची! आणि दारात ही झुंबड! म्हणजे माणसं घेत होती गेम, आणि तो दुसऱ्या कशावर चालत नाही म्हणून खोका गळ्यात बांधून घेत होती.

आणि गेम तरी काय? मारामारी नाही, बंदुका नाहीत. एक म्हातारा नावाडी. होडी बुडालीय, पायी घरी निघालाय बिचारा. रान, चिखल, काटे... मग एक लाकडी पूल. पुलापलीकडे घर. खिडकीत दिवा, आणि दिव्यापाशी कुणीतरी उभं! नावाडी पुलावर पाय ठेवतो आणि... फट्! पडदा काळा! "पूर्ण गेमसाठी आजच कॉम्बो घरी न्या!" कारण दुकानातला डेमो तेवढाच चालतो. शटर वर गेलं की मी त्याला चालवत नेतो पुलापर्यंत, जेवायच्या सुट्टीत पुलापर्यंत, गिऱ्हाइकाला दाखवायला पुन्हा पुलापर्यंत. त्या म्हाताऱ्याच्या चपला झिजल्या असतील! पण पुलापलीकडे काय असेल हो?

हसू नका. मी एकटा राहतो. घरी जातो, कुलूप काढतो, अंधारात भिंत चाचपत बटण शोधतो. मी गेल्याशिवाय दिवा लागत नाही माझ्या घरात. तेव्हा त्या खिडकीकडे बघितलं की मला इतकं वाटतं ना, की एकदा, फक्त एकदा, आपणही तिथपर्यंत पोचावं.

बरं, कॉम्बो नेलेली गिऱ्हाइकं पुन्हा येतात वायर-बियर न्यायला. एक काकू, "आमच्या ह्यांना घरात बसवायला" म्हणून घेऊन गेलेल्या, त्या आल्या डोळे पुसत! "अहो, काय तो शेवट! ती खिडकीतली आहे ना, ती..." मी कानात बोटं घातली! "काकू, पाया पडतो, सांगू नका!" आणि मालक समोरून बघतायत, गिऱ्हाईक बोलतंय आणि हा कानात बोटं घालून उभा!

ताईला फोन केला, "घेऊ का गं?" तर ताई, "घोडा झालास आणि खेळणी कसली घेतोस? त्यापेक्षा एखादी मुलगी बघ!" म्हटलं, मी बघतो गं, त्या बघत नाहीत. तशी ताई हळूच म्हणाली, "घे बाबा, घे."

घेतला! शेवटचा कॉम्बो उरला होता, तो वॉशिंग मशीनच्या मागे दडवला, हप्ते बांधले आणि छातीशी धरून घरी आणला. कागद फाडला, वायर काढली, टीव्हीच्या मागे हात घातला... भोकच नाही! वडिलांच्या वेळचा टीव्ही तो, मागे हे एवढं कुबड, ही नवी वायर त्यात शिरणार कुठून? आणि तुम्हाला सांगतो, रोज ह्याच तोंडानं मी प्रत्येकाला विचारतो, "काकू, टीव्ही कुठला आहे घरी?" सगळ्या जगाला विचारलं, स्वतःला नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुकानातल्या टीव्हीवर खेळून खेळून मला वाटलं, असा टीव्ही घरी असतोच!

सकाळी खोका घेऊन मालकांपुढे उभा राहिलो. त्यांनी फक्त बोट दाखवलं. भिंतीवर पाटी, "ऑफरचा माल परत घेतला जाणार नाही." अक्षर कुणाचं? माझं! "मग टीव्ही घे की," मालक म्हणाले, "आजच नवीन ऑफर आलीय." आणि दुसरं बोट दाखवलं. मोठ्या टीव्हीवर हाच खोका, हाच गेम, फुकट!

टीव्ही कुठून घेऊ, ह्या खोक्याचेच हप्ते फिटायचेत! दोन खोके, दोन नावाडी, आणि दोघंही पुलाच्या अलीकडे! मी म्हटलं, मालक, एवढं देताय, तर दिवा लावून खिडकीत उभं राहणारं कुणी नाही का बसत ह्यात? मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते वेगळं घ्यावं लागतं. आणि त्याच्याबरोबर सासू, मेहुणे, जे जे फुकट येतं ना, तेही परत होत नाही."

म्हटलं, चालेल हो. माझं आजवर कुणी काय परत घेतलंय!