विमलच्या नावाचं रुखवत

विमल: हा घोटीव कागद, हा जिलेटिनचा, आणि ही कात्री. सगळं रत्नागिरीहून मागवलनी सासूबाईंनी. कात्री हातात देताना म्हणाल्या, तुझ्या हाताला शोभेल अशी मुद्दाम आणवली.

चिमा: तुझ्या हाताला.

विमल: हसू नको गो, ताय.

चिमा: हसत नाय. कधीपर्यंत हवंय?

विमल: प्रेमलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे. मुंबईहून वऱ्हाड येणार. सासूबाई गुहागरात घरोघर सांगून बसल्यात, सुनेनं आपल्या लग्नात असं रुखवत मांडलं होतं की बघता बघता भटजी मंगलाष्टक विसरले. आता नणंदेचं त्याहून वरचढ करणार म्हणे मी.

चिमा: विसरले कुठे? ठसका लागला होता त्यांना.

विमल: ते त्यांना जाऊन सांग. बसल्यात बाहेर पडवीत काकीजवळ, तुझ्या आईजवळ. लग्नाचं आमंत्रण हे निमित्त, खरं तर माझ्यावर नजर ठेवायला आल्यात. सुनेनं माहेरी निवांत बसून रुखवत करावं म्हणून.

चिमा: आणि तिकडे काय केलंस इतके दिवस?

विमल: काय करणार? म्हटलं, मला कागदाचं काम करायला एकटं बसावं लागतं. झालं, घरातली माणसं पाय न वाजवता चालायला लागली. मी दार लावून आत एक हंस कापला. प्रेमला डोकावली नि म्हणाली, वहिनी, किटली काय सुरेख झालीय.

चिमा: मान आखूड कापली असशील.

विमल: सगळंच आखूड गो. तुझ्या हातात कागद आला की शहाण्यासारखा गप्प बसतो. माझ्या हातात नुसता कुरकुरतो.

चिमा: तू ओढतेस त्याला. कागद ओढायचा नसतो, दुमडीवर बोट फिरवून त्याला वळू द्यायचं. बरं, ठेव ते तिथं फडताळात. भाताची झोडणी आटपली की बसते मी. पिंपळाच्या पानांच्या जाळ्या करून ठेवल्यात, केळीचं सोपट वाळलंय, मागच्या सालचं चौऱ्याऐंशीचं क्यालेंडर आहे जाड पाठीचं. चिकटवायची खळ तेवढी नवी शिजवायला हवी. मोरचूद घालते, नायतर झुरळं खातात.

विमल: असं लगेच हो का म्हणतेस तू?

चिमा: मग काय म्हणू?

विमल: नाय म्हण. एकदा तरी म्हण, विमल, जा, मी करणार नाय तुझं.

चिमा: येडी आहेस. अगो, रीतच आहे ती. कोणाच्या रुखवतातलं सगळं नवरीनं केलेलं असतं? करणाऱ्या बहिणी, मैत्रिणी, नाव नवरीचं. तुझ्या लग्नात मीच मांडवात उभी राहून सांगत होते ना, हे सगळं आमच्या विमलनं केलंय. मला बरं वाटत होतं सांगताना, खोटं कशाला बोलू.

विमल: तो पत्रं ठेवायचा कप्पा होता ना त्यात. पिंपळपानाचा. तसाच दुसरा केला होतास तू?

चिमा: केला होता. तुझ्या रुखवतातलं सगळं गेलं सासरी, माझ्याकडे एक तरी असावा म्हणून. तुझी मावससासू, सगुणामावशी, मुलाला घेऊन मला बघायला आली तेव्हा तो फळीवर होता.

विमल: महिपतभावजींना दाखवलास तू?

चिमा: मी कशाला दाखवू? मी पोह्यांची ताटली घेऊन उभी. तोच उठला नि उचललान. उलटा करून बघतोय, खिळा नाय, दोरा नाय, हा उभा कसा राहतो? म्हटलं, दुमडीवर. मास्तर माणूस, टपाल बरंच येत असेल त्याला. म्हणाला, मला द्याल का? दिला मी. आई अजून बोलते त्यावरनं. ठरायच्या आधी कोण वस्तू देतं?

विमल: मावशीनं काही विचारलान?

चिमा: कोणी केला म्हणून विचारलान. म्हटलं, मीच. असं कोणाला पहिल्यांदाच म्हटलं मी. बोलताना कान तापले माझे.

विमल: आणि मग नकार आला.

चिमा: मग पत्रिका जुळत नाय म्हणून कळवलनी. तुला माहीत आहे की सगळं. आईनं पत्रिका कुठे कुठे दाखवलान, अजून शनी शोधतेय. मला विचारशील तर माझे पुढचे दात. तुझ्यासारखे असते तर— काय झालं? रडतेस कशाला? मला एवढं काय वाटत नाय आता.

विमल: पत्रिका उघडलीच नाय त्यांनी, ताय.

चिमा: म्हणजे?

विमल: मावशी इथून थेट आमच्या घरी आली. सासूबाईंना म्हणाली, मुलगी चांगली वाटली गो, पण तो कप्पा विमलच्या रुखवतात होता तस्साच, आणि पोर म्हणते मी केला. तर सासूबाई म्हणाल्या, तो विमलचाच. जास्तीचा म्हणून ती माहेरी ठेवून आली असणार. हिनं उचलून आपला म्हणून दाखवलान. जी आत्तापासून दुसरीचं आपलं म्हणून सांगते, ती तुझ्या घरात येऊन काय करील ते बघ.

चिमा: तुला कोणी सांगितलान हे?

विमल: मी तिथंच होते. चहाचा ट्रे होता माझ्या हातात.

चिमा: मग काय बोललीस?

विमल: विचारलं, आणखी साखर घालू का.

चिमा: साखर.

विमल: ओठावर आलं होतं गो. शपथ. पण सासूबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. इतक्या प्रेमानं त्या घरात माझ्याकडे कोणी बघत नाय. ह्यांची सुट्टी संपली की हे मुंबईला, मग मला त्यांच्याच तोंडाकडे बघून दिवस काढायचे. मी भ्याले. रात्री वाटलं, सकाळी सांगीन. सकाळी वाटलं, मावशी परत आली की सांगीन. आणि आता तुझ्याकडेच आणखी काम घेऊन आले. माझ्यासारखी नालायक मीच.

चिमा: मला चोर म्हटलनी त्यांनी.

विमल: हो.

चिमा: आणि मी इकडे आरशात दात बघतेय.

विमल: मार मला. खरंच मार. पण मी आज सांगणार त्यांना. आत्ता बोलावते.

चिमा: बस खाली. तुला नांदायचंय तिथं. एकदा खोटी ठरलीस की भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच काढतील.

विमल: काढू देत.

चिमा: विमल, उगाच काही—

(सावित्री, विमलच्या सासूबाई, पडवीतून आत येतात.)

सावित्री: काय गो, किती ते कुजबुजणं? कागद अजून पुडक्यातच? आणि डोळे का लाल तुझे? माहेरी आल्यावर हसायचं असतं. रडलीस तर लोकं मलाच बोल लावतील ना.

चिमा: बसा मावशी. पाट देते.

सावित्री: राहू दे, बसते अशीच. विमल, हिलाही जरा शिकव बसल्या बसल्या. आवड आहे हिला, कानावर आलंय माझ्या. आवड असावी गो बाये. पण आपलं ते आपलं, दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. मी तोंडावर बोलते, राग मानू नको.

विमल: आई, ते रुखवत मी केलेलं नव्हतं.

सावित्री: कुठलं?

विमल: माझ्या लग्नातलं. सगळं तायनं केलं.

सावित्री: सगळं म्हणजे? कमळ?

विमल: कमळ, हंस, बंगला. तो पत्रांचा कप्पापण.

सावित्री: त्या बंगल्यातला पाळणा तरी?

विमल: तोही तायचाच. मी फक्त खळ ढवळली. तीसुद्धा करपवली.

सावित्री: मी आख्ख्या वाडीत नाचले गो तुझं नाव घेऊन.

विमल: मला तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

सावित्री: आणि तू गो? तुला तोंड नव्हतं? सगुणेनं विचारलान तेव्हा का नाय सांगितलंस, विमलचंही मीच केलं म्हणून?

चिमा: मी म्हटलं होतं, मी केला. त्यापुढे बोलले असते तर तुमच्याकडे त्याच दिवशी कळलं असतं. ही सासरी नवी नवी होती.

सावित्री: म्हणजे हिच्यासाठी.

चिमा: तुम्हाला चहा करू?

सावित्री: नको. सगुणेच्या मनात भरली होतीस तू. मला म्हणत होती, मुलगी साधी आहे, घर बघितलेलं आहे, बघूया. मीच पुढे पुढे केलं. माझ्या सुनेचा मान जाऊ नये म्हणून दुसऱ्याच्या मुलीवर बोलून मोकळी झाले. विचारावं एकदा, एवढंपण सुचलं नाय मला.

विमल: मग आता जाऊया ना मावशीकडे. आज निघालो तर उजेडी पोचू. तुम्ही सांगा, मी सांगते, तिला—

सावित्री: परवा सुपारी फुटली त्याची. सावर्ड्याची मुलगी. मीच गेले होते ओटी भरायला.

विमल: मला सांगितलं नाय तुम्ही.

सावित्री: तुला कशाला सांगू? मला काय ठाऊक, तुला त्याचं काय.

चिमा: कशी आहे मुलगी?

सावित्री: बरी आहे गो. शिकलेली आहे. तू नको विचारू असं, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चिमा: सहज विचारलं.

सावित्री: मी तुला काय भरून देऊ, पोरी? गेलं ते माझ्या जिभेनं गेलं. एक करते. महिपतकडे तो कप्पा अजून आहे. सगुणा म्हणाली होती, परत पाठवूया, ज्याचा त्याला. तो देईना. टेबलावर ठेवलान समोरच, त्यात आलेली पत्रं लावतो नीट. मी जाते नि सांगते त्याला. पोर खरं बोलली होती, तिच्याच हातचा आहे तो. निदान त्याच्या मनातून तरी तुझं नाव धुवून निघेल.

चिमा: नका सांगू.

विमल: ताय, का? सांगू दे त्यांना.

सावित्री: अगो, तुझा आहे तो. एवढं तरी मला करू दे.

चिमा: आता त्याची बायको येईल त्या घरात. विमलवहिनीचा म्हणून राहील तो टेबलावर. माझा आहे कळलं, तर त्याला काढून ठेवावा लागेल.