हरणाच्या मागचा माणूस

कांबळे सरांचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. कॉलेजात मला रायफल नेमबाजी त्यांनीच शिकवली. मागच्या वर्षी कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं, तेव्हा तिथला एक सहकारी म्हणाला, "हरणाच्या शिकारीला चल. माझ्या दोन रायफलींपैकी एक निवड."

मी लगेच सदाशिव पेठेत सरांना फोन लावला. "सर, चारशे मीटरवरून हरीण मारायचंय. जोरदार धक्क्याची तीनशे मॅग्नम रायफल घेऊ की हलकी साडेसहा क्रीडमोर?"

"तुझ्या पाचही गोळ्या ताटलीएवढ्या जागेत किती लांबून बसतात?"

"दीडशे मीटर, सर."

"मग धक्का कमी बसेल ती घे, आणि दीडशेच्या पुढे ट्रिगरला बोट लावू नकोस. जखमी हरीण शोधायला काय मी येऊ पुण्याहून?"

मला रागच आला, पण साडेसहाची घेतली.

सकाळी समोरच्या उतारावर मोठा नर दिसला. अंतर तीनशे ऐंशी. सहकारी कुजबुजला, "मार!" बोट शिवशिवत होतं, तरी मी नळी खाली केली. हरीण उडी मारून गेलं, आणि ते उभं होतं त्याच्या बरोबर मागच्या झुडपातून केशरी जाकीट घातलेला एक माणूस उठून उभा राहिला.

मी रायफलमधली गोळी काढली. तिथूनच सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.  सर म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.