मथुराबाईंचं परतीचं तिकीट

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. ज्याच्या ओढीनं माणूस घर सोडतो, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो कधी? वाट संपली की? का मागं फिरायची सोय संपली की? — हं, लगेच माना डोलावू नका! पुढच्या रांगेतले बापट मास्तर तर प्रश्न संपायच्या आत डोलले!

तुम्हाला ठाऊक आहे, या उपरण्याच्या आधी माझ्या गळ्यात चामड्याची पिशवी होती. एकोणीस वर्षं एसटीत कंडक्टर! वेदांतात माझी गती बेताची, पण तिकिटातलं मला कुणी शिकवू नये. तेव्हा आज तिकिटाचंच आख्यान लावतो. पेटीवाले, जरा सूर धरून ठेवा.

रत्नागिरीच्या बाजूला खाडीच्या काठी एक वाडी. तिथल्या या मथुराबाई डोर्लेकर. नवरा अनंत मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला. मोठ्या म्हणजे केवढ्या? आपली अख्खी वाडी, हे देऊळ आणि तुम्ही सगळे आत मावाल, एवढ्या! श्रीमंत लोक त्यावर मजेत फिरायचे, आणि अनंता पाण्याच्या पातळीखाली, धुलाईखान्यात, त्यांच्या चादरी नि टॉवेल धुवायचा. नऊ महिने जहाजावर, तीन महिने घरी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आता हिशेब करा — संसार किती वर्षांचा? साडेसहा! बाकीची साडेएकोणीस वर्षं वाट बघण्यात गेली. यालाच आपण संसार म्हणतो आणि वर आंबोळीला चटणी नाही म्हणून भांडतो!

त्या जहाजांवर एक रीत असते. पाहुण्यांच्या बिछान्यावर टॉवेलची घडी घालून हत्ती, हंस, माकडं करून ठेवतात. अनंता ती कला शिकला होता. दर खेपेला निघायच्या सकाळी तो घरच्या टॉवेलचा एक हत्ती करायचा, मथुराच्या उशाशी ठेवायचा, नि म्हणायचा, "येतो." आपल्याकडे 'जातो' कुणी म्हणत नाही. खलाशाच्या घरात तर नाहीच नाही! आणि मथुराबाई तो हत्ती कपाटात ठेवायच्या. नऊ महिने घडी मोडायची नाही. तो आला की त्यानंच मोडायची. धूळ बसली तरी चालेल, पण सोंड हलता कामा नये.

एकदा हौसेनं त्या मुंबईला गेल्या, जहाज बघायला. बंदराच्या फाटकावर शिपायानं अडवलं. गोदामाच्या छपरावरून जहाजाचं धुराडं तेवढं दिसलं. बाई धुराड्याला हात जोडून परत आल्या. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या दुसऱ्या घराचं तेवढंच दर्शन! शेजारणी विचारायच्या, कसं आहे हो जहाज? त्या म्हणायच्या, उंच आहे. दुसरं काय सांगणार? मनातून मात्र तो माणूस कुठे झोपतो, कुठल्या खिडकीतून बघतो, खिडकी तरी आहे का, हेच चाललेलं असायचं.

तर यंदा अनंताचा फोन आला. ही त्याची शेवटची सफर. जहाज आफ्रिकेतून मॉरिशसला येणार आणि तिथून नऊ दिवसांत मुंबईला. कंपनीनं निवृत्त होणाऱ्याच्या बायकोला या शेवटच्या टप्प्यात फुकट केबिन दिली होती. तो म्हणाला, "मथुरा, तू मॉरिशसला ये. इतकी वर्षं मी येत होतो. एकदा तू ये."

ते 'ये' ऐकलं आणि बाई हातातलं भांडं खाली ठेवायला विसरल्या.

केबिन फुकट, पण मॉरिशसपर्यंत जायचं कसं? विमानानं. आणि जायचं तेवढंच! परत तर जहाजच आणणार. दिराचा मुलगा प्रसन्न, तालुक्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. तो चार दिवस स्वस्त तिकीट शोधत बसला. एक मिळालं ते तीन देश फिरवून एकतीस तासांनी पोहोचवणारं. एवढ्यात आमची लाल गाडीसुद्धा पोहोचली असती! शेवटी तो म्हणाला, काकी, गंमत बघा, नुसतं जायचं तिकीट बेचाळीस हजार, आणि जाऊन-येऊन छत्तीस!

मंडळी, एकोणीस वर्षं तिकिटं फाडली, पण हा हिशेब मला अजून कळलेला नाही. जायला महाग, जाऊन यायला स्वस्त! पण मथुराबाईंना लगेच कळला. त्या म्हणाल्या, "जाऊन-येऊनचंच काढ. एकेरी तिकिटावर माणूस एकदाच जातो." प्रसन्ननं समजावलं, काकी, परतीचं वाया जाणार आहे. त्या म्हणाल्या, जाऊ दे वाया, शकुनाचं असू दे. आता परतीची तारीख कुठली? सगळ्यांत स्वस्त तिसऱ्या दिवसाची. वापरायचंच नाही तर कुठली का असेना! जायचं गुरुवारी, परतीचं शनिवारी दुपारी. लक्षात ठेवा हं हा शनिवार.

निघताना बाईंनी अंगणाला, तुळशीला, गाईला सांगितलं, "येते." कपाटातला आठ महिन्यांचा हत्ती पिशवीत घेतला. विमानतळावर तपासणीत पोलिसानं त्याला बोटानं टोचून पाहिलं. बाई म्हणाल्या, साहेब, सोंड सांभाळा. बिचाऱ्यानं सांभाळली!

गुरुवारी सकाळी मॉरिशस. पोर्ट लुई बंदर. दुपारी जहाज यायचं होतं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. समुद्र मोकळा! कचेरीतल्या माणसानं खुणा-इंग्रजीनं सांगितलं, वाटेत इंजिन बिघडलंय, उद्या बघू. शुक्रवारी तो म्हणाला, उशीर फार झाला तर जहाज इथे न थांबता थेट पुढे जाईल. अनंताचा फोन लागेना. भर समुद्रात कुठला लागणार?

बघा बाईची दशा! परका मुलूख, परकी भाषा, हातात एक पिशवी, पिशवीत एक हत्ती. आणि पदराच्या गाठीला काय? परतीचं तिकीट!

बंदराजवळच्या खाणावळीत तुळशीबाई नावाची एक म्हातारी होती. मंडळी, दीडशे वर्षांमागं आपल्या रत्नागिरीकडची माणसं उसाच्या मळ्यांत राबायला तिकडे नेली होती, त्यांच्यातली ही. मोडकंतोडकं मराठी यायचं. मथुराबाई पोळी मोडताना "देवा" म्हणाल्या, तशी म्हातारी शेजारी येऊन बसली. दोन रात्री तिनं बाईंना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, भात वाढला. ओळख ना पाळख!

शनिवार उजाडला. प्रसन्नचा फोन. काकी, तिकीट हातात आहे, गुपचूप विमानात बसा, जहाज आलंच नाही तर तिथे काय कराल? खरंच होतं त्याचं. शहाणा मुलगा! तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मी तर खिडकीची जागा मागितली असती.

बाईंनी म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली, "माझी पणजी ह्याच बंदरात उतरली, पोरी. घर सोडताना 'येते' म्हणाली होती. तिला परतीचं तिकीट नव्हतं, म्हणून राहिली. तुला आहे. मी काय सांगू?" आणि तिनं मथुराबाईंचा हात हातात घेतला आणि विचारलं, रत्नागिरीला समुद्राचा वास असाच येतो का गं? मंडळी, जी म्हातारी तिथे कधी गेली नाही, तिचे डोळे भरले! चार पिढ्यांची ओढ ती. न पाहिलेल्या गावाचीसुद्धा आठवण येते माणसाला.

मथुराबाई उठल्या. पदराची गाठ सोडली. म्हणाल्या, "आजी, हा माणूस सव्वीस वेळा 'येतो' म्हणून गेला आणि सव्वीस वेळा आला. एकदाही मी विचारलं नाही, तिकीट कुठाय. आज त्यानं मला 'ये' म्हटलंय. मी नाही उठायची इथनं." आणि धक्क्यावर जाऊन बसल्या.

दुपारी विमान डोक्यावरून गेलं. छत्तीस हजारांचं अर्धं आभाळात उडालं. बाईंनी मान वर करून पाहिलं, रडू आलं. खोटं कशाला सांगू? भक्ताला भीती वाटत नाही असं सांगणारा बुवा थापाड्या समजा! भीती वाटली. पण बसून राहिल्या.

आणि रविवारी उजाडता उजाडता — पेटीवाले, आता सूर वाढवा! — आधी धुराडं दिसलं. बाईंच्या ओळखीचं तेवढंच! मग हळूहळू त्याच्याखालचं सगळं. मजल्यावर मजले, खिडक्यांवर खिडक्या. आज मध्ये ना गोदाम होतं, ना फाटकावरचा शिपाई.

अनंता जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. आठ महिन्यांनी दोघं समोरासमोर. काय बोलले? तो म्हणाला, "मला वाटलं, तू परत गेली असशील." त्या म्हणाल्या, "परत तर तुमच्याबरोबर जायचंय." आणि पिशवीतला हत्ती त्याच्या हातात ठेवला. त्या माणसानं जन्मभर हजारो टॉवेल झटक्यात मोडले होते. ही एक घडी मात्र तो हलक्या हातानं, सोंडेपासून मोडू लागला. उलगडला, आणि त्याच टॉवेलात तोंड लपवून तो रडला.

नवव्या दिवशी मुंबई, दहाव्या दिवशी वाडी. अंगणात पाय ठेवून बाई म्हणाल्या, "आले." आणि मागून अनंता पहिल्यांदाच म्हणाला, "आता कुठे जायचं नाही."

तेव्हा प्रश्नाचं उत्तर मिळालं का, मास्तर? मागं फिरायची सोय हातानं सोडली की! आणि ती सोडायला, ज्याच्याकडे जायचं तोच परत आणणार आहे, एवढा भरवसा लागतो.

आणि आपण? मघाशी आत येताना मी तुमच्या चपला बघितल्या. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर तोंड करून! पटकन घालून सटकता यावं म्हणून! देवाकडे आलात, पण परतीचं तिकीट पायाशी मांडून. मागच्या खांबापाशी दोघं घड्याळ बघतायत, माझं लक्ष आहे. दरवेळी नमस्कार करून तुम्ही त्याला 'येतो' म्हणता, आणि त्या एका शब्दावर हा बिचारा इथे वाट बघत उभा आहे. किती वर्षं झाली कोण जाणे! तुम्ही गेलात, तुमचे आजे गेले, पणजे गेले.

हा मात्र कुठे गेला नाही. कारण मंडळी, यानं परतीचं तिकीट कधी काढलेलंच नाही.