शेअर ऑटोतलं 'काय'

परक्या गावात चारचौघांत इंग्रजीच बोलावं म्हणताय? मग हे ऐका.

शेअर ऑटोने पेरुंगुडीला ऑफिसला निघाले होते, तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन आला. रेंज जेमतेम. मी आपली ओरडतेय, "काय? काय गं? काय?"

समोर गळ्यात आयकार्ड अडकवलेले एक साहेब, दिल्लीहून नवीनच आलेले. मला इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आपण इथे बाहेरचे. चारचौघांत इंग्रजी बोलावं, म्हणजे इथल्या लोकांना परकं वाटत नाही."

मी म्हटलं, "फोनवर माझी आई आहे, तुम्ही नाही."

एवढ्यात शेजारच्या भाजीवाल्या अम्मांनी टोपलीतून कच्चं केळं काढून माझ्यापुढे धरलं. "वाळक्काय?" मग शेवग्याची शेंग. "मुरुंगक्काय?" तमिळमध्ये 'काय' म्हणजे फळभाजी. त्यांना वाटलं, ही बाई मघापासून भाजीच मागतेय! मी हसत शेंगा घेतल्या.

साहेबांना आयतंच सापडलं. "बघा, म्हणून इंग्रजी बोलावं!" आणि अम्मांकडे वळून त्यांनी झाला घोटाळा अस्खलित इंग्रजीत समजावून सांगितला. अम्मांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एन्ना?"

साहेब गोंधळले. मला विचारतात, "काय म्हणतायत त्या?"

मी फोन पुन्हा कानाला लावत म्हटलं, "एन्ना म्हणजे 'काय'. मी मघापासून तेच म्हणतेय!"